वहिनीले कमी काय होतं?

आमच्याकडे माणूस आठ-पंधरा दिवस चौकात दिसला नाही की पहिला प्रश्न एकच, "कर्ज किती हाय त्याच्यावर?" यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं बाजाराचं गाव आमचं. सोसायटीचं, बँकेचं, बचत गटाचं, सावकाराचं, कोणाचं किती थकलं ते पानठेल्यावर सगळ्यांना पाठ. त्यामुळे कोणाचं मन बिघडलं की आम्ही लगेच त्याचा सातबारा उघडतो. बोजा सापडला की समाधान. "बरोबर हाय, टेन्शन तं येईनच." नाही सापडला तर तो माणूस आळशी, ढोंगी, नाहीतर कशाच्या तरी नादी लागलेला.

आणि जिच्या नावावर सातबाराच नाही तिचं काय? हा प्रश्न मला माझ्या वहिनीमुळे पडला. हे तिला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिहा भाऊजी, पण माह्यं नाव नोका टाकू. अन् मले बिचारी बिचारी नोका करू." दोन्ही अटी मान्य.

माझं बस स्टँडसमोर मेडिकल आहे. गावातल्या तब्येतीची खबर डॉक्टरच्या खालोखाल मेडिकलवाल्यालाच असते. कोणाची शुगर चढली, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाची दारू परत सुरू झाली. बीपीची गोळी माणूस चारचौघांत मागतो, "दे बा माही बीपीची." मनाच्या आजाराची चिठ्ठी मात्र चार घड्या होऊन बंडीच्या आतल्या खिशातून निघते. गिऱ्हाईक आधी मागे वळून पाहतं. कोणी उभं असलं तर उगाच डोकेदुखीची गोळी घेतं, बाकावर बसून राहतं, आणि गर्दी ओसरली की चिठ्ठी पुढे करतं. "कागदात बांधून दे." एक काका तर पाकिटातल्या गोळ्या माझ्या काउंटरवरच फोडून बामच्या रिकाम्या बाटलीत भरतात. मी म्हणतो, काका, गोळीचं नाव आणि तारीख पाकिटावर असते, अशा सुट्या ठेवल्या तर दमट होतील, घरातलं लेकरू हात घालेल. ते म्हणतात, "पाकीट घरी नेलं तं सून वाचते ना."

सून बारावी शिकलेली आहे. ती मोबाइलवर नाव टाकून पाहील आणि सासऱ्याला 'पागल' ठरवील, ही काकांची भीती. आजारापेक्षा या भीतीनेच जास्त माणसं गोळी अर्ध्यात सोडतात, हे मी माझ्या गल्ल्यावर बसून खात्रीने सांगू शकतो.

दुसरं गिऱ्हाईक याच्या उलट. ते चिठ्ठीशिवाय येतं आणि बिनधास्त म्हणतं, "ते झोपीची गोळी दे एक पाकीट." अल्प्राझोलाम. ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये येते. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपून ठेवायचं असतं. मी देत नाही म्हटलं की शिव्या खातो. गंमत अशी, की जिची सवय लागते ती ही गोळी लोकांना चालते. आणि डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्या, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन वगैरे, ज्यांची तशी चटक लागत नाही, त्यांच्याबद्दल मात्र गावभर बोंब, की जन्माची सवय लागते.

आता वहिनी.

आमचं एकत्र कुटुंब. दादा शेती पाहतो, मी दुकान. वहिनी म्हणजे घरातला सगळ्यात मोठा आवाज. वेचणीच्या बायकांत ती असली की अर्धा वेचा हसण्यातच उरकतो. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरींना गाणी तीच शिकवते, खिरापत ओळखायलाही तीच पुढे. त्या वर्षी उन्हाळ्यात पुतणीचं लग्न पार पडलं, वाशीमकडची चांगली माणसं मिळाली. पोरगा अमरावतीला पॉलिटेक्निकला लागला. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली, बोंडं भरपूर. दादा सुपारीसुद्धा खात नाही. पीककर्ज होतं, पण ते आमच्याकडे कोणाला नसतं?

आणि पोळा झाल्यापासून वहिनी विझत गेली.

रडली नाही ती. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे रडारड. वहिनी गप्प झाली, आणि तेही एकदम नाही. आधी पहाटे तीनला जाग यायला लागली. उठून ओट्यावर बसायची, उजाडेपर्यंत. आई विचारायची, "काय झालं वं?" तर "काई नाही, झोप उडाली." मग जेवण दोन घासांवर आलं. अंबाडीच्या भाजीत एक दिवस मीठ नाही, दुसऱ्या दिवशी दोनदा. दूध काढताना म्हशीच्या पायाशी तशीच बसून राहिली, बादली रिकामी. वेणी घालायची सोडली. भुलाबाई आली तेव्हा पोरी बोलवायला आल्या, तर म्हणाली, "माह्यं डोकं दुखून राह्यलं." कापसाचा पहिला वेचा निघायच्या आधी वावरात सीतादही करतात, त्याला आली. पूजा दादानेच केली, ती धुऱ्यावर बसून होती. परत येताना मला म्हणाली, "भाऊजी, मले कशातच करमून नाही राह्यलं. हातपाय कोणी काढून नेल्यावानी वाटते."

'मी दुःखी आहे' असं ती एकदाही म्हणाली नाही. तिची तक्रार अंगाची होती. डोकं जड, छातीत धडधड, पायांत गोळे, कंबर गेली. आमच्या भागात मनाचा आजार बहुतेक वेळा असाच शरीराच्या दारातून आत येतो आणि त्याच दाराने एखाद्या खासगी दवाखान्यात जातो. तिथे लावतात सलाईन. त्यात मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की बाटली पिवळी दिसते. लोकांचा त्या पिवळ्या बाटलीवर फार जीव. "ताकदीची बाटली लावली." वहिनीलाही लागल्या. मी औषधं विकतो म्हणून सांगतो, ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. पाच चमचे. तेवढ्यासाठी माणूस दोन तास आडवा पडून पाचशेची नोट मोडतो. बाटली लागली की त्या दिवशी बरं वाटायचंही, कारण दोन तास कोणीतरी उशाशी बसलेलं असायचं, काम सांगणारं कोणी नसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे तीन.

मग सल्ले सुरू झाले. "मन रमव." "विचार नोको करू." "भजनात जात जा." "लेक गेली म्हणून वाटते तसं, नातू झाला की होते बरोबर." आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य तेच, "तुले कमी काय हाय?" माहेरहून तिचा भाऊ आला, त्यानेही हेच विचारलं. ते ऐकून ती आणखी आत जायची. मला तिने नंतर सांगितलं, "सगळे इचारायचे कमी काय हाय, अन् मलेही सापडत नव्हतं. मंग वाटे, मीच खराब हावो."

हे वाक्य मी डोक्यात ठेवलंय. कर्ज असलेल्या माणसाला निदान कारण दाखवता येतं. जिच्याकडे कारण नसतं ती स्वतःलाच कारण करून टाकते.

कर्ज, नापिकी, भाव, यांचा काही संबंध नाही असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात राहिलेला नसेल. गरिबी आणि सततची अनिश्चितता माणसाला पोखरतेच, आणि ज्याच्यात हा आजार दबा धरून आहे त्याच्यात तो वर यायला एवढं पुरतं. पण इतक्या वर्षांत सगळी नजर त्याच एका कारणावर खिळली. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं, विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं. त्यात व्याजमाफी होती, सिंचन होतं, दुभती जनावरं होती. शेतकरी आत्महत्येनंतरची एक लाखाची मदत, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत, तीही मिळते ती कुटुंबाच्या नावावर जमीन आहे का, कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून. मग प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र'. या दोन शब्दांत आमच्या गावांनी किती मयती मोजल्या.

बाई या मोजणीत कुठे बसते? २०२२ च्या एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या, अहवालात शेती क्षेत्रातल्या, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, ११,२९० जणांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, देशभरातल्या. त्याच अहवालात 'गृहिणी' या रकान्यात २५,३०९ बायका आहेत. दुपटीहून जास्त. यातल्या कितीजणी रोज निंदायला-वेचायला जात असतील आणि जमीन नावावर नाही म्हणून 'गृहिणी' झाल्या असतील? त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

वहिनीचं ओळखलं आमच्या आशाताईने. ती आली होती शेजारच्या बाळंतिणीकडे. पाणी प्यायला आमच्या ओट्यावर टेकली आणि वहिनीकडे पाहून तिने सहज गप्पा मारल्यासारखं विचारायला सुरुवात केली. मागच्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं का? झोप? भूक? थकवा? आपण कामाचे नाही असं वाटते का? लक्ष लागते का? हे प्रश्न जगभर वापरतात, पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण २७. आकडा दहा किंवा त्याच्या वर गेला तर डॉक्टरला दाखवलं पाहिजे असं धरतात. आशाताई वहिनीकडून उठून थेट माझ्या दुकानात आली. "भाऊ, सलाईन बंद करा अन् यवतमाळले न्या."

शिकलेल्या लोकांना वाटतं, मनाचं काम फक्त मोठ्या डॉक्टरांचं. आमच्याच शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता, 'प्रकृती' आणि 'संगाथ' या संस्थांचा. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं. आधी डिप्रेशन असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कुठे मदत घ्यायला जात होते, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. २०१७ साली ते 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापूनही आलं. म्हणजे गावचा माणूस औषधाला नाही म्हणत नाही, त्याला कोणीतरी ओळखीच्या माणसाने ओट्यावर बसून विचारावं लागतं. राज्य सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प'ही १४ जिल्ह्यांत याच वाटेने आशाताईंवर उभा आहे.

यवतमाळला सरकारी दवाखान्यात गेलो, दादा, वहिनी आणि मी. मानसोपचाराची ओपीडी म्हणजे काहीतरी साखळ्या-बिखळ्या असतील असं दादाच्या डोक्यात. तिथे होती आपल्यासारखीच रांग. एक पोलीस भाऊ, कॉलेजची दोन पोरं, ढोरं राखणारा एक म्हातारा, लेकरू कडेवर घेतलेली बाई. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड सुस्त असलं तरी माणूस असाच गळून जातो. घराण्यात कोणाला असं झालं होतं का, ते विचारलं. वहिनी म्हणाली, मामाला. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं.

मग त्यांनी वहिनीच्या डोळ्यांत पाहून, आवाज न बदलता विचारलं, "ताई, जगून काय करू, मरून जावं, असं मनात येतं का?"

दादा खुर्चीतून अर्धा उठला. "मॅडम, असं कसं इचारता..." डॉक्टरांनी हातानेच त्याला बसवलं. वहिनी पदराच्या टोकाला बोटाभोवती गुंडाळत होती. म्हणाली, "येते." मग म्हणाली, "पहाटचं येते. उजाडलं की जाते." दादाचं लग्न होऊन चोवीस वर्षं झालेली. तो हे पहिल्यांदा ऐकत होता, तेही परक्या माणसाने विचारलं म्हणून.

विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट भरते, असं आपल्याकडे पक्कं समजतात. तसं होत नाही, हे डॉक्टरांनी दादाला समजावून सांगितलं. मनात असलेलं बोलायला जागा मिळते आणि घरच्यांना सावध होता येतं. मग त्यांनी दादाला एकच काम नेमून दिलं. घरात फवारणीची औषधं किती आहेत, कुठे आहेत? होती. कास्तकाराच्या घरात नसतील कशी? त्याच संध्याकाळी दादाने घरातलं सगळं औषध गोळा केलं, वावरातल्या कोठ्यात पेटीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या करदोट्याला बांधली. पहाटेची ती वेळ साधारण टळते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं, यात जीव वाचतो. वाचणारा कोणी कास्तकार असेल आणि घरात सगळं ठीकठाक असेल, तरी हे काम करून टाका. त्याला आजार असायची गरज नाही.

गोळी सुरू झाली. पहिले आठ दिवस मळमळ, अस्वस्थपणा. वहिनी म्हणे, "यानं तं अजून बिघडलं." इथेच अर्धे पेशंट सुटतात. या गोळ्यांचा त्रास आधी येतो आणि गुण मागून येतो. दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. हे पेशंटला कोणी सांगत नाही किंवा सांगितलेलं गर्दीत ऐकू येत नाही. सुरुवातीच्या या दिवसांत पेशंटवर, विशेषतः तरुण पोरांवर, जास्त लक्ष ठेवावं लागतं. म्हणून मी आता नवी चिठ्ठी आली की पाकिटावर पेनाने गोळी सुरू केल्याची तारीख लिहितो आणि चार आठवड्यांनंतरची तारीख लिहून देतो. त्याच्या आधी गोळीवर निकाल द्यायचा नाही.

बरं वाटायला लागल्याचं वहिनीच्या आधी घराला कळलं. ती म्हणतच होती, काही फरक नाही. पण एका सकाळी दादाने चिखलाचे पाय पिण्याच्या पाण्याच्या गुंडाने धुतले आणि ती चुलीजवळून खेकसली, "डोळे फुटले काय हो तुमचे!" आई मला दुकानावर फोन करून सांगते, "अरे, ते भांडली!" एवढा आनंद आमच्या घरात पुतणीचं लग्न जमलं तेव्हा झाला होता.

त्यानंतरचा पल्ला लांब असतो, आणि तो कोणाला दिसत नाही. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते. ज्याला पूर्वी येऊन गेलं आहे त्याला आणखी जास्त. बंद करायची ती डॉक्टरला विचारून, हळूहळू कमी करत. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या येतात. मग लोक म्हणतात, "पाहा, सवय लागली होती." माझ्याकडे दुसऱ्या महिन्यानंतर न येणारी माणसं मला तोंडाने पाठ आहेत. त्यातले काही सात-आठ महिन्यांनी परत येतात, आधीपेक्षा वाळलेले. आता मी बिनलाज होऊन त्यांच्या घरी फोन करतो. धंदा वाढवतो म्हणतात. म्हणू द्या.

घरच्यांनी काय करायचं, हे बरेच जण विचारतात. त्यांना काहीतरी गोड बोलायचे मंत्र हवे असतात. आमच्या घरी मंत्र कोणालाच येत नाहीत. आईने न बोलता चूल हातात घेतली, वर्षानुवर्षांचे सासू-सुनेचे हिशेब बाजूला ठेवून. मी ओपीडीचा दिवस आणि फाईल सांभाळली. शेजारची काकू रोज दुपारी तूर निवडायला आमच्याच ओट्यावर बसू लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ती वहिनीशी मुद्दाम काही बोलायचीही नाही. वहिनी कधी चार दाणे निवडायची, कधी नुसती बसायची. पुतणी वाशीमहून रोज फोन करायची. पण "कसं वाटते आई?" हा प्रश्न तिने सोडला होता. कारण तो ऐकला की वहिनीला बरं असल्याचं सोंग करावं लागायचं. त्याऐवजी ती कढी कशी करायची ते विचारायची.

आणि 'फिरायला जात जा' असं कोणी म्हटलं नाही. त्या आजारात माणसाला अंथरुणातून पाय खाली ठेवणं म्हणजे पूर आलेली अडाण नदी ओलांडणं असतं. दादा संध्याकाळी चपला तिच्यापुढे आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "चाल, धुऱ्यापर्यंत." पहिल्यांदा ती नळापर्यंत जाऊन परत फिरली. तो पण फिरला. बोलला काही नाही. माझा दादा तसा अडाणी माणूस नाही, पण त्याच्याकडून एवढ्या धीराची अपेक्षा मला नव्हती. हे मी त्याला तोंडावर कधी सांगणार नाही, इथे लिहून ठेवतो.

त्याच दादाचं त्या काळात वजन उतरलं. संध्याकाळी दुकानात येऊन बाकावर बसायचा, पेपर उलटा-सुलटा करायचा. पेशंटची चौकशी सगळे करतात, सांभाळणाऱ्याची कोणी करत नाही. पुतणीला महिन्यातून चार दिवस बोलावून घ्यायचं ठरवलं, आणि त्या चार दिवसांत दादाने घरी थांबायचं नाही. तो सासुरवाडीला जाऊन झोपायचा नुसता. मेहुण्याने तक्रार केली की पाहुणा जेवायलाही उठत नाही.

आईने या सगळ्यात एका देवस्थानाचे फेरेही करवले. कोणीतरी सांगितलं होतं, "बाहेरचं हाय." माझी देवाला ना नाही. गोळी चालू ठेवून कुठेही जा. फेऱ्यांच्या निमित्ताने वहिनीची आणि तिच्या बहिणीची भेट व्हायची, दोघी एसटीत शेजारी बसायच्या, याचाही गुण असेल. पण अंगारा देऊन गोळी बंद करायला सांगणारा कोणी भेटला, तर तिथून उठून यायचं.

एक गैरसमज अजून आडवा येतो. कोणी जिवाचं काही करायचा प्रयत्न केला आणि वाचला, तर पोलीस केस होईल म्हणून घरचे दवाखान्यात खरं सांगत नाहीत, मानसोपचाराला तर नेतच नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, कलम ११५ प्रमाणे, असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं आहे, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याला उपचार देणं हे सरकारचं काम आहे. दवाखान्यात लपवू नका.

आणि यवतमाळला जायला पैसे नाहीत, सोबत कोणी नाही, किंवा रात्र आहे, तर १४४१६ वर फोन लावा. टेलिमानस. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी हा नंबर बिलाच्या मागे शिक्का मारून देतो. पेशंटनेच फोन करावा असंही नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने पोराला कसं बोलावं हे विचारायला स्वतः केला होता, माझ्याच दुकानाच्या मागे उभं राहून.

वहिनी बरी आहे का, तर आहे आणि कधी नाही. हा आजार एकदा गेला की गेलाच असं नसतं, अनेकांना तो परत येतो. गोळी रीतसर कमी होऊन बंद झाली, एक दिवाळी चांगली गेली. यंदा पेरणी उलटली आणि दुबार पेरायची वेळ आली, तेव्हा गावाने दादाच्या तोंडाकडे पाहायला सुरुवात केली. दादा ठीक होता. अखाडीच्या आसपास वहिनी स्वतः दुकानात आली. चार गिऱ्हाइकं उभी होती. तिने आवाज खाली केला नाही. "भाऊजी, मले पुन्हा तीनले जाग येऊन राह्यली. मागच्या वेळेवानी वाढायच्या आधीच जाऊन येते. नंबर कवा लागते पाहा."

बुधवारचा लागला. दादाला वखरणीला बैल सापडले होते, म्हणून ती बहिणीला घेऊन गेली. डॉक्टरांनी जुनीच गोळी परत सुरू केली आहे, यावेळी जास्त दिवसांसाठी. आणि बामच्या बाटलीवाले काका त्या चार गिऱ्हाइकांत होते. त्यांनी त्या दिवशीही गोळ्या फोडून बाटलीतच भरल्या. पण जाता जाता मला विचारलं, "तुही वयनी कोणत्या डॉक्टरले दाखवते?"